भोकं पाडलेली अतिसंवाहक फिल्म चुंबकीय क्षेत्रात कशी वागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी हा विषय गळ्यात पडला की जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. फिल्म म्हणजे काही दहा ते शे-दोनशे नॅनोमीटर जाडीचा थर. भोकं म्हणजे त्यात ठरावीक अंतरावर आरपार पाडलेली सूक्ष्म छिद्रं, ज्यांना शोधनिबंधांत अँटिडॉट म्हणतात. अतिसंवाहकता आणि संक्रमण तापमान (इथून पुढे टीसी) यांची तोंडओळख आहे असं धरलं आहे.

चांगल्या धडधाकट फिल्मला भोकं पाडायचीच कशाला?

भोवऱ्यांना जागेवर बसवण्यासाठी. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो हे माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलं, पण लंब क्षेत्रात ठेवलेल्या पातळ फिल्मला ते जमत नाही. क्षेत्र अगदी थोडं असलं तरी कडेकडून आत शिरतं, आणि शिरतं ते भोवऱ्यांच्या रूपात. ही कल्पना अब्रिकोसॉव्ह यांनी १९५७ मध्ये मांडली. प्रत्येक भोवऱ्याच्या मध्यभागी अतिसंवाहकता मेलेला एक गाभा, त्याभोवती फिरणारा प्रवाह, आणि सगळ्यातून जाणारा फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) नेमका एक क्वांटम, म्हणजे फ्लक्सचं ठरलेलं एकक.

फिल्ममधून विद्युतप्रवाह सोडला की भोवऱ्यावर आडवा जोर येतो. भोवरा सरकला की व्होल्टेज उभं राहतं, म्हणजेच प्रतिरोध आला. अतिसंवाहक असूनही प्रतिरोध! म्हणून भोवरा अडवून धरावा लागतो. भोवऱ्याचा गाभा तयार करायला ऊर्जा मोजावी लागते. भोकाच्या जागी मारायला अतिसंवाहकता मुळात नसतेच, त्यामुळे तिथे बसणं भोवऱ्याला स्वस्त पडतं. फिल्ममधल्या नैसर्गिक दोषांवरही भोवरे अडकतात, पण दोष कुठे असतील ते आपल्या हातात नसतं. भोक कुठे आणि केवढं पाडायचं ते असतं.

मॅचिंग फील्ड म्हणजे काय? ते कसं काढायचं?

भोकांची संख्या आणि भोवऱ्यांची संख्या जिथे जुळते ते क्षेत्र. हिशोबाला एकच आकडा पाठ असू द्या: एक फ्लक्स क्वांटम म्हणजे २०.७ गॉस गुणिले एक चौरस मायक्रॉन. भोकं चौकोनी जाळीत एक मायक्रॉन अंतरावर असतील तर पहिलं मॅचिंग फील्ड २०.७ गॉस. अंतर ४०० नॅनोमीटर असेल तर सुमारे १२९ गॉस. त्रिकोणी जाळीत तेवढ्याच अंतराला एका भोकाच्या वाट्याला येणारं क्षेत्रफळ कमी, म्हणून उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी जास्त: एक मायक्रॉनला २३.९ गॉस. १०० नॅनोमीटरच्या त्रिकोणी जाळीला ते ०.२४ टेस्लापर्यंत जातं.

या क्षेत्राच्या एकपट, दुप्पट, तिप्पट ठिकाणी क्रिटिकल करंटला (प्रतिरोध न येता वाहू शकणाऱ्या कमाल प्रवाहाला) शिखरं येतात आणि प्रतिरोधाला खळगे पडतात. एक मायक्रॉनची भोकं असलेल्या ॲल्युमिनियमच्या फिल्मवर अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये हे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच मोजलं गेलं होतं. इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने सूक्ष्म नक्षी काढण्याचं तंत्र) हाताशी आल्यावर नव्वदच्या दशकात या विषयाला खरा बहर आला, आणि त्यात बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाचं काम ठळक आहे.

क्षेत्र तिरपं केलं तर फक्त लंब घटक धरायचा. चाळीस-पन्नास अंशांनी कलवून खळगे त्या प्रमाणात लांब जातात का हे एकदा पाहून घ्यावं. त्याने मोजणी धड आहे एवढंच कळतं. खळग्यांचं कारण कळत नाही. त्याबद्दल पुढे.

एका भोकात किती भोवरे मावतात?

भोकाची त्रिज्या आणि त्या तापमानाची कोहेरन्स लांबी (ढोबळमानाने भोवऱ्याच्या गाभ्याचा आकार) यांवर ते ठरतं. एकट्या भोकासाठीचा ढोबळ हिशोब १९७२ पासून वापरात आहे, म्कर्चियान आणि श्मिट यांचा: त्रिज्या भागिले कोहेरन्स लांबीची दुप्पट. त्रिज्या २०० नॅनोमीटर आणि कोहेरन्स लांबी ५० नॅनोमीटर असेल तर दोन. त्यापुढचा भोवरा भोकाच्या कडेवरून परत ढकलला जातो.

पण भोक एकटं नसतं. शेजारपाजारची भोकं भरलेली असतील तर बाहेरच्या भोवऱ्यांना कुठेच थारा राहत नाही, आणि लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते तसा आणखी एखादा आत सरकवला जातो. म्हणून क्षेत्र वाढवत नेलं तर जाळीतल्या भोकांची क्षमता या हिशोबापेक्षा जास्त भरते.

भोकं तुडुंब झाल्यावर जादा भोवरे मधल्या पट्ट्यांवर उभे राहतात. त्यांना धरणारं काही नसतं, फक्त भोकांत बसलेल्यांचं प्रतिकर्षण त्यांना कोंडून ठेवतं. थोडा प्रवाह सोडला की आधी हेच हलतात. क्रिटिकल करंटच्या आलेखात एखाद्या मॅचिंग फील्डनंतर उतार एकदम बदलला, तर तिथपासून भोवरे भोकाबाहेर बसायला लागले असं समजायला हरकत नाही.

आणखी एक बारकावा. आरपार भोकात दोन क्वांटम शिरले तर ते मिळून एकच मोठा फ्लक्स होतो. वेगळे ओळखता येत नाहीत. भोक अर्धवट खोल ठेवलं, तळाशी पातळ अतिसंवाहक थर राहू दिला, तर तळावर दोन भोवरे वेगवेगळे बसलेले दिसतात. लोहचुंबकीय कणांची धूळ बसवून अशी चित्रं १९९० च्या दशकात काढली गेली आहेत. भोवऱ्यांची जाळी पहिल्यांदा याच युक्तीने १९६७ मध्ये एसमान आणि ट्रॉयबल यांना दिसली होती.

मॅचिंग फील्डला प्रतिरोध खाली येतो. म्हणजे भोवरे भोकांत अडकले, एवढंच ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर: बऱ्याचदा नाही.

१९६२ मध्ये लिटल आणि पार्क्स यांनी कथिलाच्या पातळ पोकळ नळीचा टीसी चुंबकीय क्षेत्रात मोजला. नळीतून जाणारा फ्लक्स पूर्णांक क्वांटम असेल तेव्हा टीसी सर्वांत वर, अर्ध्यावर असेल तेव्हा सर्वांत खाली. तिथे भोवरे अडकण्याचा संबंधच नाही. फ्लक्स पूर्णांक नसला की नळीभोवती भरपाईचा प्रवाह वाहावा लागतो, त्याची गतिज ऊर्जा मोजावी लागते, आणि तेवढा टीसी घसरतो.

आता भोकांची फिल्म उलट नजरेने पाहा. भोकं मोठी आणि मधल्या पट्ट्या अरुंद असतील, तर ती भोकं असलेली फिल्म कमी आणि तारांचं जाळं जास्त आहे. जाळ्याचं प्रत्येक घर म्हणजे एक छोटी लिटल-पार्क्स नळी. घरात पूर्णांक क्वांटम असले की टीसी वर. प्रतिरोध आपण टीसीच्या अगदी जवळ, संक्रमणाच्या उतारावर मोजत असतो, त्यामुळे टीसी जरासा वर सरकला की प्रतिरोध खाली येतो. खळगा बरोबर मॅचिंग फील्डवर. एका घराला एक क्वांटम हा नियम दोन्हीकडे एकच, त्यामुळे खळग्याची जागा पाहून कारण सांगता येत नाही. क्षेत्र कलवून पाहण्याचाही म्हणूनच उपयोग नाही; दोन्ही कारणं सारखीच उत्तरं देतात.

शिवाय शब्दांचा कल बदलतो. पिनिंगच्या, म्हणजे भोवरे अडकण्याच्या, वाचनात मॅचिंग फील्डला काहीतरी चांगलं घडतं. जाळ्याच्या वाचनात मॅचिंग फील्डला काहीच घडत नाही, मधल्या क्षेत्रांना टीसी घसरतो. अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने २००७ मध्ये नायोबियमच्या फिल्मवर मोजून हाच मुद्दा लावून धरला, आणि मला तो पटतो. तरीही आजदेखील टीसीजवळ काढलेल्या प्रतिरोधाच्या आलेखाखाली ‘वाढलेलं पिनिंग’ असं बिनदिक्कत लिहिलेलं आढळतं.

मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?

आधी कागदावर. नायोबियमच्या फिल्मची शून्य तापमानाची कोहेरन्स लांबी १० नॅनोमीटर आणि टीसी ८.५ केल्विन धरू. टीसीजवळ जाऊ तशी ही लांबी फुगते: टीसीच्या ९९ टक्क्यांवर १०० नॅनोमीटर, ९५ टक्क्यांवर साधारण ४५. भोकं ४०० नॅनोमीटर अंतरावर, व्यास २५० नॅनोमीटर, म्हणजे सर्वांत अरुंद जागी पट्टी १५० नॅनोमीटर. पट्टीची रुंदी कोहेरन्स लांबीच्या १.८४ पटीहून कमी असेल तर पट्टीत भोवरा मावत नाही. ती तारच झाली. आपल्या सॅम्पलला हे ८.३७ केल्विनच्या वर लागू होतं. म्हणजे टीसीच्या खालच्या पहिल्या सव्वाशे-दीडशे मिलिकेल्विनमध्ये पिनिंगची भाषा बोलायची नाही. प्रतिरोध मोजता येण्याजोगा असतो तो नेमका याच टापूत!

मग मोजणीत. टीसी ठरवताना एकच निकष धरू नका. सामान्य अवस्थेतल्या प्रतिरोधाच्या १०, ५० आणि ९० टक्क्यांवर टीसी विरुद्ध क्षेत्र असे तीन आलेख काढा. ९० टक्क्यांवर, जिथे भोवरे अजून नीट जन्मलेलेही नसतात, तिथेही लाटा दिसत असतील तर त्या जाळ्याच्या आहेत.

लाटांच्या खालची पार्श्वभूमी कशी वाकते तेही बघा. साध्या फिल्मचा टीसी लंब क्षेत्रात सरळ रेषेत उतरतो. अरुंद पट्टीचा उतरतो तो क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. पॅराबोला जुळवून त्यातून पट्टीची रुंदी काढा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातल्या रुंदीशी ताडून पाहा. भोकाच्या कडा बनवताना खराब झालेल्या असतात, म्हणून आलेखातून आलेली रुंदी चित्रापेक्षा थोडी कमी भरली तर नवल नाही. काही पट कमी-जास्त आली तर मात्र जाळ्याची कल्पना सोडून द्यावी.

शेवटची कसोटी तापमानाची. टीसीपासून चांगलं खाली या आणि प्रतिरोधाऐवजी क्रिटिकल करंट मोजा. तिथे पट्ट्या कोहेरन्स लांबीच्या कितीतरी पट रुंद झालेल्या असतात. तरीही मॅचिंग फील्डला शिखरं टिकली तर ते खरं पिनिंग. बहुतेक सॅम्पलमध्ये दोन्ही गोष्टी असतात, एक वरच्या तापमानाला आणि दुसरी खालच्या, आणि मधे दोघींची सरमिसळ.

पूर्णांकांच्या मधेही बारीक खळगे दिसतात. ते खरे की गोंगाट?

एकद्वितीयांश, एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशा साध्या अपूर्णांकांवर असतील तर खरे. चौकोनी जाळीत अर्ध्या मॅचिंग फील्डला भोवरे बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक घरात बसतात. ही मांडणी स्थिर असते. फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्ये १९८४ साली अतिसंवाहक तारांच्या जाळ्यावर ही सगळी मालिका मोजली गेली, आणि ती हॉफस्टॅटरच्या १९७६ च्या प्रसिद्ध फुलपाखराच्या (चुंबकीय क्षेत्रात जाळीवरच्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांच्या फुलपाखरासारख्या आलेखाच्या) कडेशी जुळते. गोंगाट वाटत असेल तर क्षेत्राची दिशा उलटून पुन्हा मोजा. खरा खळगा शून्याच्या दोन्ही बाजूंना तितक्याच अंतरावर येतो.

तापमान किती काटेकोर लागतं?

वरच्याच सॅम्पलचा हिशोब: ४०० नॅनोमीटरच्या चौकोनी जाळ्यात अर्ध्या क्वांटमला टीसी साधारण ३ मिलिकेल्विनने घसरतो. अंतर एक मायक्रॉन केलं तर घसरण अर्धा मिलिकेल्विन. तेव्हा क्षेत्र बदलताना तापमान मिलिकेल्विनच्या आत स्थिर हवं. तापमापकाचं वाचन स्वतःच क्षेत्राने बदलतं का, हेही तपासावं. संक्रमण ५० मिलिकेल्विन रुंद असेल तर ३ मिलिकेल्विनची घसरण सामान्य प्रतिरोधाच्या ६ टक्क्यांएवढी दिसते. फिल्म वाईट असून संक्रमण अर्धा केल्विन पसरलं असेल तर काहीच दिसणार नाही. भोकांना दोष देऊ नये.

मधला खळगा शून्य क्षेत्रावर येतच नाही. सॅम्पल बिघडलं का?

सॅम्पल नाही, शून्य बिघडलं आहे. अतिसंवाहक चुंबक मोठ्या क्षेत्राला जाऊन परत आला की त्यात काही गॉस, कधी काही दहा गॉस क्षेत्र शिल्लक राहतं. वीज पुरवणारं यंत्र शून्य दाखवत असलं तरी सॅम्पलला ते लागतंच. एक मायक्रॉनच्या जाळीचं मॅचिंग फील्ड २०.७ गॉस आहे हे आठवा: अख्खा एक खळगा इकडचा तिकडे होऊ शकतो. मोजणीआधी चुंबकाला घटत जाणारे उलटसुलट फेरे द्या, किंवा मोठ्या जाळीसाठी साधी तांब्याची कॉइल वापरा. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.४ गॉस, ते पूर्ण लंब लागलं तरी अशा जाळीत पन्नासेक भोकांमागे एक भोवरा. आलेखात ते दिसत नाही, पण क्वांटम संगणकाच्या क्युबिटच्या चिपवर काम करणाऱ्यांना तेवढंही पुरतं.

टीसीजवळ सुंदर शिखरं होती, द्रव हिलियमच्या ४.२ केल्विनला सगळं विस्कटलं. का?

दोन कारणं. एक तर खाली गेल्यावर फिल्ममधले नैसर्गिक दोषही भोवऱ्यांना घट्ट धरतात, त्यामुळे भोकांची मक्तेदारी संपते. आणि आधी थंड करून मग क्षेत्र लावलं असेल तर भोवरे कडेने शिरून आत उतरंड करतात. कडेला दाट, मध्यात विरळ. फिल्मभर एकच घनता नसेल तर जुळायचं कशाशी?

नायोबियम, शिसं किंवा मॅग्नेशियम डायबोराइड असेल तर त्यात आणखी भर पडते. एक भोवरा सरकला की उष्णता, उष्णतेने शेजारचा सुटतो, आणि फ्लक्सची दरड कोसळते. प्रकाशीय पद्धतीने घेतलेल्या चित्रांत या दरडी साध्या फिल्ममध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या वेड्यावाकड्या धावतात, आणि भोकांच्या फिल्ममध्ये जाळीच्या रांगा धरून. चुंबकत्वाच्या आलेखात त्या एकदम पडलेल्या पायऱ्यांसारख्या येतात. उपकरणाचा दोष समजून डेटा फेकू नका.

भोकं नियमित जाळीतच हवीत का?

भौतिकी समजून घ्यायची तर हो. क्रिटिकल करंट वाढवायचा तर उलट. नियमित जाळी मॅचिंग फील्डला उत्तम, त्याच्या आजूबाजूला सामान्य. पेनरोज जाळीसारख्या अर्धनियमित मांडणीत शिखरं बुटकी पण क्षेत्राचा विस्तृत पट्टा झाकणारी मिळतात. २०१३ च्या सुमारास एक वेगळी मांडणी पुढे आली: शेजाऱ्यांशी होणारे कोन जपायचे, पण घनता कडेकडून मध्याकडे बदलत न्यायची. भोवऱ्यांची स्वतःची उतरंड अशीच असते, म्हणून ती विस्तृत क्षेत्रात चांगली निघाली.

घनतेचा हा उतार एकाच बाजूला ठेवला तर भोवऱ्यांना एका दिशेने सरकणं सोपं आणि उलट दिशेने अवघड जातं. उलटसुलट प्रवाह दिला तरी एकाच दिशेचं व्होल्टेज मिळतं, म्हणजे डायोड झाला. क्षेत्राची दिशा फिरवली की डायोडही फिरतो.

फिल्म अतिसंवाहक न होता अवरोधक (इन्सुलेटर) झाली तर मॅचिंग संपलं?

संपायला हवं होतं, संपलं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात २००७ मध्ये सच्छिद्र ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर) बिस्मथचा इतका पातळ थर दिला की तापमान उतरेल तसा प्रतिरोध चढत गेला. तरीही क्षेत्रात प्रतिरोधाला लाटा होत्या, आणि त्यांचा आवर्त एका भोकाला एच/२ई (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक, ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार) इतक्या फ्लक्सचा. सुट्या इलेक्ट्रॉनचा आवर्त एच/ई, म्हणजे दुप्पट असता. अर्थ असा की अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या शाबूत आहेत, त्यांची एकमेकांशी लय तेवढी तुटली आहे. भोकांची जाळी इथे जोड्या मोजायची पट्टी झाली. पुढे २०१९ मध्ये वायबीसीओ (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) या अतिसंवाहकाच्या भोकं पाडलेल्या फिल्ममध्ये, शून्य तापमानाकडे जातानाही प्रतिरोध ना शून्य होणारा ना अनंत, अशा धातूसारख्या अवस्थेत याच आवर्ताच्या लाटा दिसल्या. माझ्या मते या विषयातलं गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं फळ हेच.

मुंबईत यावर काम होतं का?

होतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणि सांताक्रूझच्या विद्यानगरीतल्या मूलभूत विज्ञान केंद्रात नायोबियम नायट्राइडच्या भोकांच्या फिल्मवर मोजण्या झाल्या आहेत. मॅचिंगचं मूळ पिनिंगमध्ये की जाळ्यात, हा वरचाच प्रश्न त्यांतही होता. २०१७ च्या एका कामात दोन कॉइलमध्ये फिल्म धरून पाहिलं: क्षीण आलटता जोर दिला तर मॅचिंग फील्डला भोवरे आपापल्या भोकात ठाण मांडतात, जोर वाढवला की मोकळे वाहू लागतात.

प्रत्यक्ष उपयोग?

विजेच्या तारा करण्यासाठी अशी भोकं पाडत नाहीत. अतिसंवाहक टेपमध्ये तेच काम नॅनो आकाराचे परके खांब आणि कण करतात. भोकं कामाला येतात ती चिपवर. स्क्विडमध्ये (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या अतिसंवाहक उपकरणात) भोवरा इकडेतिकडे थरथरला की गोंगाट होतो, म्हणून मोक्याच्या जागी भोकं देतात. अतिसंवाहक क्युबिटच्या चिपवरच्या ग्राउंड प्लेनला (सर्किटभोवतीच्या अतिसंवाहक थराला) जाळीदार भोकं असतात तीही यासाठीच: चुकार भोवरा रेझोनेटरच्या वाटेत न येता भोकात बसलेला बरा.

पहिलं सॅम्पल बनवताना काय ठरवावं?

बजेट कमी असेल तर सच्छिद्र ॲल्युमिना घ्या. ऑक्सॅलिक आम्लात ४० व्होल्टला सुमारे १०० नॅनोमीटर अंतराची भोकं आपोआप उगवतात. जाळी मात्र लहानलहान तुकड्यांतच नियमित असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खळग्यानंतर आलेख सपाट होतो. इलेक्ट्रॉन बीमने जाळी हवी तशी मिळते, क्षेत्रफळ थोडं. गॅलियमच्या आयन बीमने कोरणं झटपट, पण गॅलियम कडांत शिरून पट्टी आतून खाते.

कोणतीही पद्धत घ्या, त्याच चिपवर, त्याच थरातून, त्याच रुंदीचा एक बिनभोकाचा पूल तुलनेसाठी ठेवा आणि त्याला वेगळे चार संपर्क द्या. ॲल्युमिना वापरणार असाल तर हा पूल भोकं न उगवलेल्या भागावर घ्या.